तांदळात लिहिलेलं नाव

बाबा गेल्यापासून आमच्या घरात ‘अगं’ हा शब्द ऐकू येत नाही. मी सासरहून ठाकुर्लीला जाते तेव्हा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते, खालून भंगारवाल्याची हाक येते, आई नळ सोडते आणि बंद करते, सगळं पूर्वीसारखंच असतं. फक्त बाहेरच्या खोलीतून कोणी ‘अगं’ म्हणत नाही. माझ्या लहानपणी तो शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडायचा आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा असायचा. एका ‘अगं’चा अर्थ चहा, दुसऱ्याचा रुमाल, तिसऱ्याचा नुसतंच इकडे ये. आईला ते सगळे न चुकता कळायचे. आठवणी लिहिण्याइतकं माझं वय झालेलं नाही हे मला माहीत आहे. पण गेलं वर्षभर त्या एका शब्दाने मला छळलं आहे, आणि त्याचा विचार करायला बसलं की दर वेळी मी त्याच ठिकाणी येऊन पोचते: मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि आईला दोह्याला फुटबॉलचा सामना बघायला न्यायचं ठरत होतं, ते चार महिने.

फुटबॉल आमच्या घरात आला तो आईकडून. बाबांना कुठल्याच खेळात गोडी नव्हती, आणि मी पुस्तकातून डोकं वर काढत नसे. आई कल्याणजवळच्या मोहन्याची. तिचे वडील, आप्पा, तिथल्या नकली रेशमाच्या कारखान्यात सूतखात्यात होते आणि कारखान्याच्या संघात गोलात उभे राहायचे. आई सहा-सात वर्षांची असल्यापासून रविवारी गोलाच्या मागे पोत्यावर बसायची. जाळी नव्हती, त्यामुळे गोल झाला की चेंडू आणायला तीच पळायची. कारखान्याच्या वासाने नव्या माणसाला मळमळायचं, पण आई म्हणायची की तो वास आला की तिला भूक लागायची, कारण सामना संपला की आप्पा तिला भजी घेऊन द्यायचे. तिने अख्खा खेळ असा मागून पाहिला होता. टीव्हीवर सामना लागला की वाल सोलता सोलता ती एकदम म्हणायची, “ह्याचा डावा पाय आधीच गेला. आता खाणार गोल.” आणि तो खायचा. बाबा पेपरातून विचारायचे, “अगं, तुला कसं कळलं?” ती म्हणायची, “पाय सांगतात ना. तोंडाकडे कशाला बघायचं?”

त्या वर्षी जागतिक स्पर्धा दोह्याला होती, आणि दोह्यात माझा मावसभाऊ राजूदादा एसीच्या कामावर होता. त्याने फोनवर सहज म्हटलं, “मावशी, ये ना. राहायला माझी खोली आहे. तिकीट तेवढं सोडतीत लागायला पाहिजे.” आई हसली आणि दुसऱ्या विषयावर गेली. पण फोन ठेवल्यावर ती गॅलरीत बराच वेळ कपड्यांना चिमटे लावत राहिली. मोजकेच कपडे होते, चिमटे सगळे संपले. मी त्या आठवड्यात गुपचूप अर्ज भरला. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. मेघना परब, मुक्ता परब. तिकिटं लागली. कुठल्या संघांचा सामना हे बाबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, एक आफ्रिकेतला आणि एक युरोपातला, आपला काही संबंध नाही. मग जरा चाचरत सांगितलं की जागा गोलाच्या मागे आहे, तिथून सगळं मैदान नीट दिसत नाही म्हणतात.

“गोलाच्या मागे?” आई म्हणाली. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. “मग तिथूनच तर दिसतं.”

आता तिचा पासपोर्ट काढायचा होता. माझा आदल्या वर्षी मैत्रिणींच्या नादाने काढून झाला होता, त्यामुळे मला वाटत होतं की मला सगळं येतं. आईला शेजारी बसवून मी संगणकावर अर्ज भरू लागले. एक प्रश्न आला, तुमचं नाव पूर्वी कधी बदललं आहे का? मी वाचून दाखवला. आई काही बोलली नाही. लग्नानंतर आडनाव सगळ्यांचंच बदलतं, त्याबद्दल निराळं विचारलं होतं, म्हणून मी ‘नाही’वर टिचकी मारली आणि पुढे गेले. तिचं ते गप्प राहणं मला कळायला हवं होतं. पुस्तकातल्या माणसांचं गप्प राहणं मला लगेच कळायचं.

ठाण्याच्या पासपोर्ट कार्यालयात आम्ही तिघं गेलो. बाबा त्यांची निळी फाईल घेऊन आले होते. नोकरीभर त्यांनी एका कंपनीच्या दप्तरखात्यात काम केलं होतं आणि घरातला प्रत्येक कागद त्यांच्याकडे टाचून, तारखेप्रमाणे लावून ठेवलेला असे. त्यांना मात्र दारावर अडवलं. “मला इंग्रजी येत नाही,” असं आईने सांगितल्यामुळे मला तिच्याबरोबर सोडलं. बाबा बाहेर झेरॉक्सवाल्याच्या छपरीत उभे राहिले.

खिडकीमागे एक पन्नाशीच्या बाई होत्या. कागद उलटत त्यांनी सवयीने विचारलं, “लग्नाआधीचं नाव?”

मी आईचं माहेरचं आडनाव सांगितलं. त्याच वेळी आई म्हणाली, “द्वारका.”

बाईंनी वर पाहिलं. “म्हणजे नावपण बदललंय? मग इथे ‘नाही’ का लिहिलंय?”

मी आईकडे बघत राहिले. द्वारका हे माझ्या आजीचं नाव होतं, बाबांच्या आईचं. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या आजीचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत होता आणि खाली तेच नाव होतं.

“लग्नात बदललं,” आई म्हणाली. “सासूबाईंचं नाव तेच होतं. एका घरात दोन द्वारका कशा चालतील?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज कडक नव्हता, दमलेला होता. “हे बघा, तुम्ही बोलला नसतात तर मला कळलं नसतं. पण तुम्ही बोललात आणि मी ऐकलं. आता दोन रस्ते आहेत. मेघना नाव पाहिजे असेल तर आधी ते राजपत्रात छापून आणा. नाहीतर शाळेचा दाखला आणि लग्नाची नोंद आणा, त्यावर द्वारका असेल तर द्वारका नावाने काढा. दुसरं नाव आमच्याकडे नोंदलेलं राहील, पासपोर्टवर छापलं जाणार नाही.”

“लवकर कुठलं होईल?” आईने विचारलं.

“जुनं.”

“मग जुनं करा,” आई म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी मात्र तिच्याकडे पाहिलं, आणि मला असं वाटलं की राजपत्र दुसऱ्या दिवशी छापून मिळणार असतं तरी ती हेच म्हणाली असती.

बाहेर बाबांनी विचारलं, “झालं?”

“झालं नाही,” मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फाईलची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. “गप्प बसली असती तर आज झालं असतं,” एवढंच ते म्हणाले, तेही मला. 

पुढचे तीन दिवस बाबा आईशी माझ्यामार्फतच बोलले. लग्नात नवरा ताटात पसरलेल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, ते मी कितीतरी लग्नांत पाहिलं होतं. बाबांनीही लिहिलं होतं. मेघना हे नाव आजीने नव्हे, त्यांनी स्वतः शोधलं होतं. एका वहीत वीस नावं लिहून त्यांतून निवडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्या वहीचं पानसुद्धा निळ्या फाईलमध्ये टाचलेलं होतं. चौथ्या दिवशी जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, “इतकं नकोसं होतं तर तेव्हाच सांगायचं होतं.”

आईने वालाचं बिरडं वाढलं. “नकोसं कोण म्हणतंय? चांगलं नाव आहे.”

“मग?”

“अहो, पंचवीस वर्षांत तुम्ही मला मेघना म्हणून किती वेळा हाक मारलीत?”

बाबा विचार करू लागले. खरंच विचार करू लागले, दप्तरात जुना कागद शोधावा तसा.

“एकदासुद्धा नाही,” आई म्हणाली. “तुम्ही मला ‘अगं’ म्हणता. ही आई म्हणते. शेजारी वहिनी म्हणतात. ते नाव फक्त रेशनकार्डावर आहे. आप्पा गोलातून मागे न बघता ओरडायचे, द्वारके, चेंडू. मी त्या नावाने पळालेय हो.”

बाबा उठले, हात धुतले आणि आजीच्या फोटोसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांची अडचण मला उशिरा कळली. त्यांच्या जिभेला ते नाव उच्चारण्याची सवयच नव्हती. ते त्यांच्या आईचं नाव होतं. आईला कोण नावाने हाक मारतं? आजीने म्हणे लग्न ठरतानाच सांगितलं होतं, “माझा मुलगा माझ्या नावाने बायकोला हाका मारणार का?”

पण रविवार उलटल्यावर ते कोणाला न सांगता मोहन्याला गेले आणि शाळेचा दाखला घेऊन आले. लग्नाच्या नोंदीचा कागद फाईलमध्ये होताच, आणि त्यावर वधूचं नाव द्वारका असंच होतं. प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, मग टाइप करून आणलं. दाखला त्यांनी आईसमोर ठेवला. “वर्तणूक चांगली, असं लिहिलंय,” ते म्हणाले. समेट झाला असं मी धरून चालले. अजून त्यांची बोली मात्र ‘हिला सांग’, ‘हिला विचार’ अशीच होती.

कागद दिले गेले. आता सामन्याला सहा आठवडे राहिले होते आणि नवी काळजी उभी होती. तिकीट मेघनाच्या नावाचं, पासपोर्ट द्वारकाच्या नावाचा येणार. नावं जुळली नाहीत तर दारातूनच परत. तिकीटवाल्यांना मी इंग्रजीत पत्र लिहिलं. माझ्या आईला दोन नावं का आहेत हे दोह्यातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाला कसं सांगायचं? ताट, तांदूळ, अंगठी, सासूबाई, सगळं लिहिलं. चार परिच्छेद झाले. उत्तर आलं की अर्ज मिळाला, पासपोर्टची प्रत अमुक तारखेच्या आत पाठवावी. म्हणजे आता सगळं पासपोर्टवर आलं, आणि पासपोर्ट पोलीस चौकशीवर.

चौकशीला हवालदार आले तेव्हा आम्ही दोघी बाजारात होतो आणि बाबा बँकेत. परत आलो तर तळमजल्यावरचे सामंतकाका जिन्यातच उभे. चांगला माणूस, पण सगळ्या बिल्डिंगचं उत्तर आपणच द्यायचं अशी त्यांची समजूत. “वहिनी, एक पोलीस येऊन गेला,” ते म्हणाले. “द्वारका परब कोण म्हणून विचारत होता. मी सांगितलं त्याला व्यवस्थित.”

“काय सांगितलंत?” आईने पिशवी खाली ठेवली.

“हेच, की द्वारकाबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. मी स्वतः खांदा दिला होता म्हटलं. त्याने लिहून घेतलं. आता नाही यायचा पुन्हा.”

आई जिन्याच्या पायरीवर बसली. पिशवीतली भेंडी बाहेर सांडली ती कोणी उचलली नाही. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “मेले म्हणा की मी,” ती म्हणाली. सामंतकाकांना काहीच कळेना. ते एकेक भेंडी उचलून पिशवीत टाकत राहिले.

पासपोर्टची प्रत पाठवायला अठरा दिवस उरले होते. कागदोपत्री अर्जदार मृत.

बाबांनी संध्याकाळी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, “चल.” पोलीस चौकीत बाकावर आम्ही दीड तास बसलो. फाईल त्यांच्या मांडीवर होती आणि त्यांची बोटं तिच्या कडेवरून सारखी फिरत होती. ज्या हवालदारांनी चौकशी केली होती तेच आले. साधे, माझ्या मामाच्या वयाचे.

“कोण वारलंय म्हणालात?”

“माझी आई,” बाबा म्हणाले आणि आजीचा मृत्यूचा दाखला काढून ठेवला.

“आणि पासपोर्ट कोणाला पाहिजे?”

“माझ्या पत्नीला.”

“त्यांचं नाव?”

बाबांनी घसा खाकरला. मी पाहत होते. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. मी बोलणार होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “लिहून देतो,” ते म्हणाले. हवालदारांनी कागद सरकवला. बाबांनी त्यांच्या त्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं. द्वारका. मग कंसात लिहिलं, हयात.

हवालदारांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. “सासू आणि सून, दोघी द्वारका?”

“हो.”

“मग घरी हाक कशी मारता काका? गोंधळ होत नाही?”

“अगं म्हणतो.”

हवालदार हसले. “आम्हीपण तेच म्हणतो.” त्यांनी दोन्ही कागदांच्या प्रती ठेवून घेतल्या. “उद्या अकराला येतो. बाईंना घरी ठेवा. आणि खालच्या त्या काकांना जरा समजवा.”

दुसऱ्या दिवशी दहापासून सामंतकाका दारात उभे होते. आईने त्यांना बजावलं होतं, “काका, आज मी द्वारका आहे. वहिनी म्हणू नका.” हवालदारांनी आईचा फोटो ताडून पाहिला, सही घेतली आणि काकांना विचारलं, “ओळखता ह्यांना?” काकांनी हात जोडले. “पंधरा वर्षं. ह्या द्वारकाबाई. ह्या आहेत.” हवालदारांनी शेवटच्या शब्दाकडे दुर्लक्ष केलं आणि चहा घेऊन गेले.

पासपोर्ट आला तेव्हा मुदतीला तीन दिवस होते. मी प्रत पाठवली. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी आईने दोनदा भात करपवला. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. माझ्या चार परिच्छेदांना एका ओळीचं उत्तर होतं: नाव बदललं आहे, द्वारका यांना सामना आवडेल अशी आशा आहे. मी ते वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, “छापून घे, फाईलला लावतो.”

आज हे लिहिताना एक गोष्ट मध्येच आठवते. माझ्या लग्नात भटजींनी तांदळाचं ताट पुढे आणलं तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले होते, “ते राहू द्या. आमच्याकडे ती पद्धत नाही.” भटजी गोंधळले. आईने पदर तोंडाला लावला. मी मुक्ताच राहिले.

पण मी विमानतळाचं सांगत होते. दुपारचं विमान होतं. बाबा सोडायला आले होते. टॅक्सीतून उतरल्यावर आईने बॅगेची चेन बसवायला दूरचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो सवयीने खिशात ठेवला. दारावर जवानाने आमची तिकिटं तपासली. ज्याचं तिकीट नाही त्याने बाहेरच थांबायचं. आई पुढे गेली, पहिल्यांदाच एवढ्या उंच छताखाली, मान वर करून चालत. माझे कागद अजून जवानाच्या हातात होते. तेवढ्यात कठड्यापलीकडून बाबांची हाक आली.

“अगं.”

पाच-सहा बायकांनी मागे पाहिलं. आई त्यांत नव्हती. बाबांनी खिशावर हात ठेवला होता. त्या चष्म्याशिवाय तिला दहा फुटांपलीकडचं दिसत नसे, गोलकीपरचे पाय तर सोडाच.

“मेघना,” बाबांनी हाक मारली. शब्द त्यांच्याच तोंडात अवघडला. आई चालत राहिली. कोणीतरी दुसऱ्या कोणाला हाक मारतंय असंच तिला वाटलं असणार. मी ‘आई’ म्हटलं असतं तर ती लगेच वळली असती. मी म्हटलं नाही. का ते मला आजही नीट सांगता येत नाही.

बाबांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. त्यांनी एकदा खाली पाहिलं.

“द्वारका.”

आवाज मोठा नव्हता, पण आई जागच्या जागी थांबली आणि गर्रकन वळली. पळतच आली ती, साडी सावरत, ट्रॉल्यांमधून वाट काढत, थेट दारापर्यंत. जवानाने बाबांच्या हातातला चष्मा घेऊन तिला दिला. तिने तो लावला आणि त्यांच्याकडे पाहिलं. दोघांमध्ये कठडा होता, जवान होता, आणि मी होते.

“काय हो?” ती म्हणाली. तिला धाप लागली होती. “काय म्हणालात?”

बाबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

“अगं,” ते म्हणाले, “चष्मा.”